अकराव्या वर्षाचा पाऊस

वृक्षवलय अभ्यास केंद्राच्या सेवापुस्तकात सदर कर्मचाऱ्याचे वर्णन पुढीलप्रमाणे आहे. पद: कनिष्ठ मोजणी सहायक (काष्ठ), श्रेणी दोन. नेमणुकीचे स्वरूप: हंगामी. उंची: पाच फूट एक इंच, स्टुलावर बसलेल्या अवस्थेत लागू नाही. ओळखीची खूण: उजव्या डोळ्याभोवती गोल वळ, कामाच्या वेळेत अधिक ठळक. कर्तव्ये: संचालक वेळोवेळी सुपूर्द करतील त्या काष्ठनमुन्यांतील वार्षिक वलयांची गणना करणे, गणनेअंती हाती आलेली वर्षे नीट ठेवणे, तसेच अनुषंगिक कामे. सदर कर्मचाऱ्याने आजवर चार लाखांहून अधिक वर्षे मोजली असल्याचे याद्वारे प्रमाणित करण्यात येते. हंगाम तेवीस वर्षांपूर्वी सुरू झाला आणि अजून संपलेला नाही.

केंद्रात त्यांना सगळे मोजणीबाई म्हणत. काम सांगायला सोपं होतं. डोंगरउतारावरच्या एखाद्या म्हाताऱ्या झाडाच्या खोडात पोकळ गिरमिट फिरवत फिरवत गाभ्यापर्यंत घालायचं, की पेन्सिलीएवढी एक लांब काडी बाहेर निघते. झाडाला त्याचं विशेष काही वाटत नाही. ती काडी लाकडी पट्टीच्या खाचेत चिकटवायची, पॉलिश पेपरनं तुकतुकीत होईपर्यंत घासायची आणि मायक्रोस्कोपखाली धरायची. दर वर्षाचं एक कडं. पाऊस चांगला झाला की कडं रुंद, पावसानं पाठ फिरवली की अरुंद. म्हणजे झाड गुपचूप पावसाची नोंद ठेवत असतं. त्याला ती कुणी मागितलेली नसते, आणि वाचायची तर त्याच्या पोटात शिरावं लागतं.

घासायचं काम सुतारमामांकडे होतं. मामा केंद्रात आले होते ते एक कपाट करायला. कपाट झालं, मामा राहिले. त्यांना झाडांचे नंबर लक्षात राहत नसत, म्हणून त्यांनी त्रेचाळीसच्या त्रेचाळीस झाडांना नाती लावून टाकली होती. 'थोरली जाऊ' म्हणजे नंबर बावीस. पाऊस मधेच थांबून पुन्हा आला की ती गडबडायची आणि एका वर्षात दोन कडी घालून मोकळी व्हायची. नंबर नऊ हा 'धाकटा दीर'. कडक वर्ष आलं की तो कडंच घालायचा नाही, सरळ खाडा करायचा. आणि नंबर एक म्हणजे 'आत्याबाई', वय वर्षं चारशे बारा, कड्याच्या टोकावर एकट्या उभ्या, अंगानं किरकोळ आणि हिशेबाला पक्क्या.

"एकट्या कुणाच्या सांगण्यावर जायचं नाही," मामा नव्या माणसाला समजावत. "जाऊ वाढवून सांगते, दीर लपवून ठेवतो. सगळ्या घराला एकत्र बसवायचं आणि विचारायचं. सगळे एक बोलले तर ते वर्ष खरं."

केंद्राच्या माहितीपत्रकात हीच गोष्ट चार पानांत सांगितली आहे आणि ती कुणालाही कळत नाही.

बाईंचा स्वभाव या कामानं घडवला की बिघडवला, हे सांगणाऱ्यावर अवलंबून होतं. कुठलंही लाकूड दिसलं की त्यांची नजर आधी कापलेल्या टोकाकडे जाई. एकदा त्यांचं लग्न जमत आलं होतं. मुलाच्या घरी भेटायला गेल्या, तेव्हा मुलाचे वडील जेवणाच्या टेबलावर हात फिरवत म्हणाले, "हे आमच्या पणजोबांचं." बाईंनी खाली वाकून टेबलाची कड पाहिली. पणजोबा केव्हा वारले, असं त्यांनी अदबीनं विचारलं. मग म्हणाल्या, हे झाड तोडून बारा वर्षं झाली आहेत. पुढे बोलणं हवापाण्यावर गेलं आणि तिथेच राहिलं. लग्न झालं नाही याबद्दल बाईंची तक्रार नव्हती. तक्रार होती ती मावशीची, पण तिलाही पुढे कंटाळा आला.

एकोणपन्नासाव्या वर्षी बाई आपल्या वडिलांबरोबर एका लाँड्रीच्या माडीवर दोन खोल्यांत राहत होत्या. खालच्या इस्त्र्यांमुळे फरशी बारा महिने कोमट असे. वडिलांना गाव पाऊसमास्तर म्हणे. शिकवलं त्यांनी कुणाला काही नव्हतं. वर खिंडीत एक पर्जन्यमापक चौकी होती, म्हणजे दोन खोल्या, एक कुंपण आणि कुंपणात पाऊस झेलायचं एक भांडं. मास्तर तिथे एकतीस वर्षं होते. रोज सकाळी आठ वाजता भांड्यातलं पाणी मापात ओतायचं, उंची वाचायची, नोंदवहीत लिहायची. पाणी नसेल तर 'निरंक' लिहायचं. एकतीस वर्षांत एक दिवस चुकला नाही. एक आकडा खोडलेला नाही. ते निवृत्त झाल्यावर खात्यानं चौकीच बंद केली, त्यामुळे त्या साऱ्या डोंगरात माणसानं मोजलेला पाऊस तेवढाच. सत्याहत्तराव्या वर्षीही ते आठाच्या ठोक्याला खिडकीतून हात बाहेर काढत, आत घेत आणि म्हणत, "निरंक." मग चहा.

बाप पाऊस मोजायचा, लेक झाडं. दोघांची गाठ कामावरून कधी पडायची नाही, असं दोघांनाही वाटत होतं.

पण झाडांचं एक असतं. ती पाऊस कमी-जास्त सांगतात, किती ते सांगत नाहीत. रुंद कडं म्हणजे किती मिलिमीटर, हे ठरवायचं तर काही वर्षांचा मोजलेला पाऊस हाताशी लागतो. तो झाडांशेजारी ठेवायचा, दोन्ही जुळले की मग मागच्या चारशे वर्षांचाही पाऊस मिलिमीटरात मांडता येतो. त्या डोंगरात मोजलेला पाऊस एकाच माणसाकडे होता. तेवीस वर्षं मोजून झाल्यावर बाईंनी कडी आणि वडिलांचे वार्षिक आकडे एका कागदावर शेजारी शेजारी काढले. तीस वर्षं हातात हात घालून चालत होती. मास्तरांच्या नोकरीच्या अकराव्या वर्षी, म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी, दोघांनी एकमेकांकडे पाठ केली.

मास्तरांच्या वहीत अकराव्या वर्षाच्या हंगामात सातशे तेरा मिलिमीटर होते. एकतीस वर्षांतला सर्वांत मोठा पाऊस. झाडांत त्या वर्षी आत्याबाईंचं कडं केसाएवढं होतं. थोरल्या जावेनंसुद्धा वाढवून सांगितलं नव्हतं. धाकट्या दिराचा खाडा होता.

संचालकांनी तो कागद पाहिला आणि बाईंना आत बोलावलं. साहेब मूळचे मातीतले, म्हणजे मृदाशास्त्रातले. त्यांना आकडे जुळलेले आवडत, कसे जुळले याचं त्यांना अगत्य नसे.

"बाई, तुमच्या वडिलांचं आणि झाडांचं काय बिनसलंय?"

"बघते, साहेब."

"बघायला वेळ नाही. सोमवारी अहवाल छपाईला जातो. मी बघितलंय." साहेबांनी पेन्सिल घेतली. "हे दहाव्या वर्षाचं कडं रुंद आहे की नाही? मग अलीकडे सरकवा एक घर. रुंद कडं अकराव्यावर आलं. जुळलं."

"आणि हे अरुंद?"

"ते बाराव्यावर. बाराव्या वर्षी पाऊस बेताचाच होता."

"मग बाराव्याचं स्वतःचं कडं कुठे जाईल?"

"ते झाडानं चुकून दोनदा घातलं असं धरा. घालतात ना?"

"एखादं घालतं, साहेब. त्रेचाळीस नाही घालत."

"संगतीचा परिणाम," साहेब म्हणाले.

बाईंनी कागदावर बोट ठेवलं. "एक सरकवलं की त्याच्या मागची सगळी सरकतात. तीनशे बहात्तर वर्षं."

"मग तर उत्तमच. कुणा एकावर अन्याय नाही."

"पण मग एकही वर्ष आपल्या जागी नसेल. तेवीस वर्षं मी तेवढंच तर बघतेय."

"हे बघा, बाई." साहेबांचा सूर मऊ झाला. ते नियम सांगू लागले की त्यांचा सूर मऊ होई. "एका बाजूला झाड आहे. ते सही करत नाही. दुसऱ्या बाजूला तुमचे वडील आहेत. त्यांची रोज सही आहे. मला सहीच्या बाजूनं जावं लागतं. मूळ नोंद वगळायची असेल तर नियम आहे: नोंदकर्त्यानं स्वहस्ते लिहून द्यायचं, मी खोटी नोंद केली. आणा लिहून सोमवारपर्यंत. नाही तर सरकवा."

हे शुक्रवारी घडलं. बाईंनी साहेबांकडून तो छापील नमुना घेतला. त्यावर 'मी' आणि 'खोटी' यांच्यामध्ये नाव लिहायला बरीच मोकळी जागा होती.

घरी मास्तर खुर्चीवर बसून कोमट फरशीवर तळवे शेकत होते. बाईंनी आडून विचारायचं ठरवलं होतं, पण त्यांना आडून विचारता येत नसे.

"बाबा, अकराव्या वर्षी पाऊस कसा होता?"

"सातशे तेरा."

"आठवतंय?"

"आठवायचं काय त्यात? लिहिलंय."

"झाडं म्हणतात, पडलाच नाही."

"झाडांना कुणी नेमलं होतं?"

"कुणीच नाही. म्हणून तर ती खोटं बोलत नाहीत."

मास्तरांनी तळवे उचलून घेतले. "म्हणजे मी बोलतो?"

"मी असं म्हटलं का?"

"तुझ्या हातात जो कागद आहे तो म्हणतोय. मला इथून वाचता येतंय. मोठ्या अक्षरात छापलाय." ते उठले. "एकतीस वर्षं. ताप होता तेव्हा रांगत गेलोय भांड्यापर्यंत. झाडांनी सांगितलं आणि तू कागद घेऊन आलीस. उद्या गवत काहीतरी सांगेल."

"मी कुणाच्या बाजूनं बोलत नाही, बाबा. मी मोजते."

"मीही मोजतच होतो," मास्तर म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले. त्या घरात आतली खोली म्हणजे चार पावलं, त्यामुळे रागावून जायला फार वाव नव्हता. पण त्यांनी होता तेवढा वापरला.

शनिवारी केंद्राला सुट्टी होती. बाईंनी सुतारमामांकडून किल्ली घेतली, तेव्हा मामाही बरोबर आले. मामांनी केलेल्या कपाटात खिंडीतल्या एकतीस नोंदवह्या ओळीनं उभ्या होत्या. बाईंनी आजवर त्यांतल्या शेवटच्या पानावरच्या बेरजाच घेतल्या होत्या. रोजच्या नोंदी उघडून बघणं म्हणजे बापाची वही तपासण्यासारखं वाटे. त्यांनी अकरावी वही काढली आणि हंगामाच्या पानापासून वाचायला लागल्या.

सहा. सहा. सहा. सहा. सहा. सहा. निरंक. सहा. सहा.

पान उलटलं. सहा, सहा, सहा.

"काय हो ताई," मामा खांद्यावरून बघत म्हणाले, "पाऊस पडत होता की नळ गळत होता?"

"दर सातव्या दिवशी निरंक आहे." बाईंनी कॅलेंडराचा हिशेब बोटांवर केला. "रविवार."

"मग सरकारी नोकर म्हणायचा. रविवारची हक्काची सुट्टी!" मामा खूश झाले. "रजा पण टाकली असेल बघा कुठेतरी."

टाकली होती. पुढे एका ठिकाणी सलग आठवडाभर निरंक होतं. बाईंचं बोट तिथे थांबलं आणि त्या स्टुलावर बसल्या.

त्या वर्षी त्या नऊ वर्षांच्या होत्या. खिंडीत शाळा नव्हती, म्हणून त्यांना खालच्या गावात मावशीकडे ठेवलं होतं. दर शनिवारी दुपारच्या बसनं आई यायची, रात्री राहायची आणि रविवारी दुपारी वर जायची. शनिवारी संध्याकाळी आई खिंडीत नसे. रविवारी सकाळी आठ वाजता भांडं कोरडं असे. आणि तो सलग कोरडा आठवडा गोवराचा होता. बाईंना गोवर निघाला होता, आई सात दिवस उशाशी बसून होती आणि वर सात दिवस पाऊस नव्हता.

"काय झालं?" मामांनी विचारलं.

"मी तेव्हा तिला विचारायचे, आई, वर पाऊस आहे का गं? ती हसायची. म्हणायची, तुझ्या बाबांना विचार."

मामांनी थोडा वेळ विचार केला. मग आवाज उतरवून म्हणाले, "तुमच्या आई म्हणजे... झारीनं?"

"कशानं ते माहीत नाही. पण तिचा हात सरळ होता. रोज बरोब्बर सहा."

मूळ नोंदवही केंद्राबाहेर न्यायला परवानगी लागते. बाईंनी ती भाजीच्या पिशवीत घातली, वर दोन कोबी ठेवले. मामांनी दार लावलं आणि म्हणाले, मी काही बघितलं नाही. हे त्यांनी इतक्या मोठ्यानं सांगितलं की समोरच्या दुकानदारानं काय ते बघायला मान बाहेर काढली.

रविवारी सकाळी निरंक झालं, चहा झाला. बाईंनी वही टेबलावर ठेवली. मास्तरांनी तिच्याकडे असं पाहिलं जसं कुणी बऱ्याच वर्षांनी भेटलेल्या आणि विशेष न आवडणाऱ्या नातेवाइकाकडे पाहतं.

"आई ओतत होती," बाई म्हणाल्या.

खाली लाँड्री बंद होती. फरशी थंड होती.

"तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. रोज सकाळी आठ वाजता."

मास्तरांनी वही उघडली नाही, नुसती स्वतःकडे ओढून घेतली. "चहाचा पेला. संध्याकाळी चहा झाला की पेला विसळायची, भरायची आणि भांड्यात ओतून यायची. मी खिडकीत बसलेलो असायचो. मला दिसेल अशा बेतानं ओतायची."

"मग म्हणायचं ना तिला, ओतू नको!"

"कसं म्हणणार? आम्ही बोलत नव्हतो."

"पाच महिने?"

"तुला खाली पाठवलं त्या दिवसापासून. तिचं म्हणणं, बदली मागा, आपण सगळेच खाली जाऊ. मी म्हटलं, दहा वर्षांची मालिका झालीये, मधेच माणूस बदलला की हात बदलतो, मालिका तुटते. ती म्हणाली, मग पोरगी तुटली तर चालेल. तिथून बोलणं बंद." मास्तरांनी वहीच्या कोपऱ्यावरची धूळ बोटानं पुसली. धूळ नव्हती. "मग तिनं मालिकेतच पाणी घातलं."

"आणि तुम्ही लिहीत बसलात?"

"मग काय करणार? नियमावलीत कलम आहे. भांड्यातील पाण्याची उंची नोंदवावी. 'पावसाच्या पाण्याची' असं नाही म्हटलेलं. भांड्यात सहा होते, मी सहा लिहिले. न लिहिता ओतून दिले असते तर ते खोटं झालं असतं."

"बाबा, बाहेर दुष्काळ होता!"

"होता. झरा आटत चालला होता. पेलाभर पाण्याला किंमत होती आणि तरी ती ओतायची. तिलाही पटत नसणार. पण आता आधी कोण थांबणार हा प्रश्न होता." त्यांनी वही थोडी सरळ केली. "पुढचं कलम असं आहे की, भांड्यात छेडछाड झाल्यास संबंधिताला समज द्यावी. मी रोज वाचायचो ते कलम. समज द्यायची तर तोंड उघडावं लागतं."

"मग संपलं कसं ते?"

"हिवाळा आला. तिचं पाणी गोठलं आणि भांडं तडकलं. नवीन मागवायला अर्ज करायचा, तर अर्जात कारणाचा रकाना. मला काही सुचेना. मी तिला विचारलं, कारण काय लिहू? ती म्हणाली, लिहा, हट्ट."

"कुणाचा?"

"ते नाही सांगितलं. रकान्यात तेवढी जागाही नव्हती."

बाईंना हसू आलं आणि ते त्यांनी आवरलं नाही. मग त्यांनी छापील नमुना पुढे केला, तेव्हा मास्तरांचा चेहरा पुन्हा चौकीतला झाला.

"यावर सही नाही. मी खोटी नोंद केलेली नाही. पडलं ते खोटं, मी ते खरं लिहिलं."

"सही नसली तर उद्या साहेब कडी सरकवणार."

"सरकवू देत. झाडांना काय फरक पडतो?"

"झाडांना नाही पडत. आत्याबाईंची तीनशे बहात्तर वर्षं चुकीच्या जागी जातील. माझी तेवीस त्यांच्याबरोबर."

"आत्याबाई कोण?"

"झाड आहे. कड्यावरचं. नंबर एक."

मास्तरांनी चष्मा काढून हातात घेतला. "किती वर्षांच्या नोंदी आहेत म्हणालीस?"

"चारशे बारा."

"खाडा?"

"एकही नाही. अकराव्या वर्षीसुद्धा नाही. धाकट्या दिरानं केला, यांनी नाही. केसाएवढं का होईना, कडं घातलंय."

"एकाच जागेवर?"

"झाड आहे, बाबा."

एकतीस वर्षांची नोकरी चारशे बारा वर्षांच्या नोकरीसमोर बसली होती आणि सेवाज्येष्ठतेचा प्रश्न मास्तरांनी आयुष्यात कधी हलक्यात घेतला नव्हता. शेवटी त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, वही उघडली आणि हात पुढे केला.

"पेन दे. शाईचं."

"खोडणार?"

"खोडायचं नाही. शेरा लिहायचा." प्रत्येक ओळीच्या शेवटी 'शेरा' नावाचा एक अरुंद रकाना होता. एकतीस वर्षं तो कोरा होता, कारण मास्तरांच्या मते पावसावर शेरा मारणारे आपण कोण. आता त्यांनी पहिल्या सहासमोर, त्याच जुन्या वळणदार अक्षरात लिहिलं: पत्नी.

मग खालच्या ओळीत: पत्नी.

बाईंनी सुचवलं की एकदाच लिहून खाली 'सदर' अशी खूण करत गेलं तरी चालेल. मास्तरांनी मान हलवली. रोजची नोंद रोजची असते. ते प्रत्येक शब्दानंतर थांबत, शाई वाळू देत आणि पुढच्या ओळीवर जात. दुपारचं जेवण झालं, पुन्हा बसले. बाई शेजारी बसून मोजत होत्या. पन्नास झाल्या, ऐंशी झाल्या, शंभर झाल्या. एकदा त्यांनी विचारलं, हात दुखतोय का. मास्तर म्हणाले, तिचाही दुखला असेल.

शेवटून तिसऱ्या पानावर ते अडकले. तिथे सहा नव्हते, अकरा होते. चार लाख वर्षं मोजलेल्या बाईंच्या नजरेतून त्या सहांच्या रांगेत तो आकडा सटकला होता.

"हे काय?" बाईंनी विचारलं. "त्या दिवशी दोन पेले?"

"नाही. त्या दिवशी पाऊस आला होता." मास्तरांनी रकान्यात बारीक अक्षरात, जागा पुरवत पुरवत लिहिलं: पत्नी ६, पाऊस ५. "अख्ख्या हंगामात तेवढा एकदाच आला. संध्याकाळी. चांगली जोरात सर होती."

"आणि त्या पावसात आई पेला घेऊन बाहेर आली?"

"आली की."

"भिजत?"

"छत्री घेऊन," मास्तर म्हणाले. "भांड्यावर पण धरली होती, ओतेपर्यंत. पावसात मिसळायला नको म्हणून."

ते खिडकीकडे बघत होते. मग त्यांनी शाई वाळली का ते पाहिलं आणि पुढची ओळ घेतली.

सोमवारी साहेबांनी वही उघडली आणि शेऱ्याच्या रकान्यावरून बोट खाली नेत गेले. तीन पानांनंतर त्यांनी बोट काढून घेतलं.

"ही सगळी एकच पत्नी ना?"

"एकच, साहेब."

"नोंद वगळण्याच्या कारणांची यादी ठरलेली आहे, बाई. भांडे गळके, जनावरांचा उपद्रव, समाजकंटक, बर्फ." त्यांनी यादी पुन्हा वरपासून वाचली. उपद्रवापाशी ते थोडे रेंगाळले, बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढे सरकले. "इतर. इतरमध्ये घालू. पण त्यांचीही सही लागेल. संबंधित व्यक्ती म्हणून."

"ती सात वर्षांपूर्वी गेली."

"मग मृत्यूचा दाखला जोडा. दोन प्रती."

बाईंनी दोन प्रती जोडल्या. अहवाल दोन महिन्यांनी छापून आला, चारशे बारा वर्षांचा पाऊस, प्रत्येक वर्ष आपापल्या जागी. अकराव्या वर्षाच्या हंगामासमोर पाच मिलिमीटर छापलं आहे.